बिस्किटांची साक्ष

माझ्या सलूनमध्ये तीन खुर्च्या आहेत आणि त्यातल्या एकीवरूनही मधेच उठून जायची सोय नाही. गळ्याभोवती कापड बांधलं, गालाला फेस लागला आणि वस्तरा हनुवटीखाली आला, की मी सुरू व्हायचो. देव, पाप, क्षमा, तारण, सगळं एका दाढीत. गिऱ्हाईक "हं" म्हणायचं. वस्तरा गळ्याशी असताना वाद कोण घालणार? घरी गेल्यावर मात्र मी बायकोला ऐटीत सांगायचो, "आज चौघांनी अगदी मनापासून ऐकलं."

"ऐकलं की सोसलं?" ती विचारायची.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. फुगवलेला आकडा तिला लांबूनच कळतो.

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते कुणीतरी उठून सगळ्यांसमोर सांगायचं. त्याला आम्ही साक्ष म्हणतो. माझी साक्ष आमच्याकडे नावाजलेली होती. तरुणपणी मी कसा दारूत बुडालो होतो, पुलाखाली कसा झोपायचो, खिशात चाकू कसा असायचा आणि त्या अंधारात देवानं मला कसं हाताला धरून बाहेर काढलं! ऐकताना बायकांचे रुमाल निघायचे. दरवर्षी मी त्या साक्षीला थोडी फोडणी द्यायचो. पहिल्या वर्षी खिशात ब्लेड होतं, मग चाकू झाला, गेल्या वर्षी सुरा. "यंदा तलवार काढणार का?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

खरी गोष्ट अशी होती, की मी बिस्किटं खाल्ली होती.

आईवडील लवकर गेले. मला वाढवलं ते माझ्या दादानं. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं, अजून आहे, आणि आम्ही दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचो. वरच्या मजल्यावर एक म्हातारी बाई एकटीच राहायची. इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती, म्हणून सगळे तिला आयामावशी म्हणत. तिच्या खोलीत खिडकीजवळच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा, तो मला जिन्यातून दिसायचा. सतरा वर्षांच्या पोराला भूक किती लागते ते काही विचारू नका. एकदा तिची एक किल्ली हरवली, म्हणून उरलेली तिनं जोड करायला दादाकडे दिली. दादा बाहेर गेला होता. मी एक कोरी किल्ली उचलली, त्याच्याच मशीनवर कापली, आणि आठवडाभर रोज दुपारी ती कामावर गेली की वर जाऊन तिची बिस्किटं खाल्ली.

आठव्या दिवशी ती लवकर परत आली. मी फळीपाशी उभा, दोन्ही गाल भरलेले. ती ओरडली नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "उभ्यानं खाऊ नये रे, घशात अडकतं. बस." मग तिनं चहा टाकला.

चहा पिऊन झाल्यावर मी कसंबसं विचारलं, "दादाला सांगणार?"

"नाही."

"का?"

तिनं भिंतीवरच्या लाकडी क्रुसाकडे नुसती मान वळवली. "मलाही एकदा असंच रागावायच्या ऐवजी बसवून घेतलं होतं," ती म्हणाली, आणि कपबश्या धुवायला उठली. एवढंच. पुढे महिनाभरानं मीच तिला विचारलं, दर रविवारी तुम्ही जाता कुठे? तिनं तिची पिशवी माझ्या हातात दिली. मी पिशवी धरून गेलो तो आजतागायत जातोय.

मग हीच गोष्ट मी का सांगितली नाही? कारण ज्या रविवारी पहिल्यांदा माझी पाळी आली, त्या दिवशी माझ्याआधी एक गृहस्थ तुरुंगातून कसे सुधारून आले ते सांगून गेले होते. सगळं चर्च रडत होतं. त्यांच्यानंतर उठून बिस्किटं काय सांगायची? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एक बाटली घातली, पूल पुढे कधीतरी आला, आणि सगळ्यात परिणामकारक म्हणून शेवटी एक वाक्य घातलं, "मला या जगात कोणीही नव्हतं."

आता एवढं सगळं असताना माझी एकच इच्छा राहिली होती. दादानं एकदा तरी माझ्या शेजारी चर्चच्या बाकावर येऊन बसावं. सव्वीस वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो. उपासनेला ये, प्रार्थनेला ये, नुसतं गाणी ऐकायला ये. दादाचं उत्तर ठरलेलं. "रविवारी दुकान बंद ठेवून कसं चालेल? लोक किल्ल्या रविवारीच हरवतात." ज्याच्यामुळे मी जगलो, त्यालाच मी काही देऊ शकलो नाही, हे मला फार लागायचं. रात्रीच्या प्रार्थनेत पहिलं नाव त्याचं असायचं.

दादाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एका घरफोडीच्या खटल्यात चोराकडे सापडलेली किल्ली कोणत्या मशीनवर कापली असेल, एवढं सांगायला त्याला एकदा कोर्टात बोलावलं होतं. वकिलानं त्याला दोन दिवस पिंजऱ्यात उभं करून उलटंसुलटं विचारून पिळून काढलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. पण दादा त्यातूनही काहीतरी शिकून आला आणि ते पुठ्ठ्यावर लिहून त्यानं किल्ली पकडायच्या शिकंज्याच्या वर टांगलं. पाहिलं तेवढंच सांगायचं. विचारलं तेवढंच सांगायचं. आपली हुशारी मधे घालायची नाही.

यंदा आमच्या चर्चला पन्नास वर्षं झाली. बाहेरगावाहून पाहुणे येणार, मोठा कार्यक्रम होणार, आणि नव्या पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, साक्षीसाठी माझं नाव घातलं. पाळक वयानं माझ्याहून बरेच लहान, मला अजून नीट ओळखत नव्हते, म्हणूनच घातलं असावं. मी हवेत गेलो. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच ठेवून रस्ता ओलांडला आणि दादाच्या दुकानात शिरलो. तो एका किल्लीचे दात कानशीनं घासत होता.

"दादा, येत्या रविवारी दहाला माझी साक्ष आहे. तू यायलाच पाहिजेस."

कानस थांबली. "साक्ष? तुझी?"

"हो. बाहेरून मोठमोठी माणसं येणार आहेत."

"कशाबद्दल?"

"माझ्या जुन्या आयुष्याबद्दल. लहानपणी काय काय उद्योग केले ते. तुला तर सगळं ठाऊकच आहे."

दादानं कानस खाली ठेवली. "इतक्या वर्षांनी हे वर निघालं?"

"ते दरवर्षीच निघतं," मी हसून म्हटलं. "यंदा जरा मोठ्या प्रमाणावर. तू समोर असलास तर मला धीर येईल."

"कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? चर्चमध्ये."

"म्हणजे आपापसात मिटवायचं ठरलंय. बरं आहे," दादा स्वतःशीच म्हणाला. "येतो. या वेळी नाही म्हणणं बरोबर नाही. सोबत काही आणायचं का?"

"नुसता ये रे!" म्हणून मी पळालोच. आनंदात माणसाला कमी ऐकू येतं. घरी येऊन बायकोला म्हटलं, सव्वीस वर्षांच्या प्रार्थनेचं फळ मिळालं. ती म्हणाली, "त्यांना साक्ष म्हणजे काय ते सांगितलंत ना?" मी म्हटलं, त्यात सांगायचं काय, साक्ष म्हणजे साक्ष.

रविवारी पावणेदहाला दादा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश, केसांना पाणी. दारात स्वागताला उभ्या असलेल्या काकांना त्यानं गंभीरपणे विचारलं, "साक्षीदारांनी कुठे बसायचं?" नवा माणूस आणि साक्ष द्यायला स्वतःहून तयार! काकांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला थेट दुसऱ्या रांगेत, माझ्या बायकोशेजारी नेऊन बसवलं. दादा पाठ ताठ ठेवून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला. मी समोरून त्याला पाहिलं आणि माझे डोळे भरून आले.

माझी पाळी आली. माईक हातात घेतला आणि गाडी नेहमीच्या रुळावर धावू लागली. पुलाखालच्या रात्री म्हटल्या, तशी दादाची भुवई वर गेली. बाटलीचं सांगितलं, तसं त्यानं वळून माझ्या बायकोकडे पाहिलं. ती छताचे पंखे मोजत होती. त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. आतून कुणीतरी मला सांगतही होतं, थांब. पण पन्नास पाहुणे समोर होते आणि माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य अजून यायचं होतं.

"बंधुभगिनींनो, मला या जगात कोणीही नव्हतं!"

या वाक्यानंतर मी नेहमी थोडा थांबतो. रुमाल निघायला तेवढा वेळ लागतो. त्या शांततेत दादा उठून उभा राहिला.

"साहेब," तो पाळकांना म्हणाला, "हे खरं नाही."

पाळकांनी त्याला खाली बसवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"त्यासाठीच बोलावलंय मला."

"मग या पुढे."

दादा पुढे आला. पुस्तक ठेवायच्या उंच मेजापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "शपथ कशावर घ्यायची?"

"इथे शपथ लागत नाही," पाळक म्हणाले. "खरं बोललात की झालं."

"मी तेच बोलतो." दादानं घसा साफ केला. "धंदा, किल्ल्या बनवणं. आरोपीचा सख्खा थोरला भाऊ."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. दादाला वाटत होतं मी खटल्यात उभा आहे, आणि सगळं सोडून तो मला सांभाळायला आला होता.

"आरोपी सतरा वर्षांचा होता," दादा सांगू लागला. "आम्ही दुकानामागच्या खोलीत राहायचो, पुलाखाली नाही. तो पूल होऊन आता अकरा वर्षं झाली. दारूचं म्हणाल, तर खोकल्याचं औषध प्यायलं तरी आरोपीला भोवळ येते. चाकू मी पाहिलेला नाही. पण गुन्हा केला, हे खरं आहे." त्यानं खिशातून एक काळपट पितळी किल्ली काढून मेजावर ठेवली. "हा मुद्देमाल."

मी ती किल्ली ओळखली. आयामावशीला न सांगता मीच ती एके दिवशी तिच्या बिस्किटांच्या डब्यात टाकून दिली होती. बिस्किटांची ती चोरी जगात फक्त मला आणि तिला ठाऊक आहे, अशी माझी सव्वीस वर्षं समजूत होती.

"कोऱ्या किल्ल्या मी रोज मोजतो. त्या दिवशी एक कमी भरली. याच्या बाहीवर पितळेचा कीस होता, आणि पुढे चार दिवस ओठाला बिस्किटांचा चुरा. किल्लीवाल्याच्या भावानं चोरकिल्ली केली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवं कुलूप आणि हत्यारं घेऊन मी वरच्या बाईंकडे गेलो. म्हटलं, मावशी, माझ्या भावानं असं असं केलंय, मी कुलूप बदलून देतो. तर बाई म्हणाल्या, कुलूप बदलू नका. मी म्हटलं, असं कसं? त्या म्हणाल्या, बदललंत तर तुम्हाला कळलंय हे त्याला कळेल. पोर शरमेनं अर्धमेलं होईल. राहू द्या. डबा मी भरत जाईन."

आता कुणी हसत नव्हतं.

"मग त्या रोज डबा भरायच्या. त्या वारल्यावर खोली उघडायला मलाच बोलावलं होतं. डब्यात ही किल्ली मिळाली. मी आजवर कुणाला बोललो नाही, कारण मला कुणी विचारलं नाही." त्यानं पाळकांकडे पाहिलं. "साहेब, मला धर्मातलं कळत नाही. कुलपातलं कळतं. माझ्याकडे लोक दोनच कामांना येतात. उघडून द्या, नाहीतर पक्कं बंद करून द्या. आपलं खाणाऱ्यासाठी कुलूप आहे तसंच ठेवा, असं म्हणणारं माणूस मला उभ्या जन्मात एकच भेटलं. त्या बाई दर रविवारी इथे यायच्या. एवढंच मला ठाऊक आहे."

तो जायला वळला, आणि पुन्हा माईकपाशी आला.

"एक विनंती आहे. मला या जगात कोणी नव्हतं, असं आरोपी म्हणाला. तेवढं एक वाक्य कागदावरून काढून टाकावं." त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. "मी होतो."

इतकी वर्षं मी ते वाक्य टाळीसाठी म्हणत आलो होतो. ज्यानं मला स्वतःच्या ताटातलं भरवलं, त्याला मी दरवर्षी भर सभेत पुसून टाकत होतो, आणि वर त्याच्यासाठी प्रार्थनाही करत होतो. माझी मलाच लाज वाटली. पाळकांनी माईक माझ्याकडे दिला.

"होता," मी म्हटलं. "दादा होता. मी बिस्किटं खाल्ली. आयामावशीनं मला बसवून चहा दिला. बाकी सगळं मी घातलेलं आहे."

इतकी छोटी साक्ष आमच्या चर्चमध्ये कधी झाली नसेल. कुणीतरी आमेन म्हणायच्या आत दुसऱ्या रांगेतून बायकोचा आवाज आला, वर्गात यावा तसा. "आता बरोबर!"

उपासना संपल्यावर पाहुण्यांनी हात मिळवायला रांग लावली, ती दादापुढे. खोटं कशाला बोलू, मला जरा झोंबलं. सव्वीस वर्षं तोंडाचा पट्टा चालवणारा मी, आणि बाजी मारली त्यानं. एक म्हातारे गृहस्थ त्याचा हात सोडायलाच तयार नव्हते. त्यांना त्यांच्या धाकट्या भावाला फोन करायचा होता, आणि आधी काय म्हणावं ते दादानं सांगावं अशी त्यांची इच्छा होती. दादा म्हणाला, "त्यानं विचारलं तेवढं सांगा."

गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो.

"निकाल काय लागेल?" दादानं विचारलं.

"दादा, हे कोर्ट नव्हतं." मी त्याला आमच्यात साक्ष कशाला म्हणतात ते समजावलं. त्याचे कान लाल होत गेले.

"म्हणजे मी भर सभेत तुला आरोपी म्हणालो?"

"पुन्हा पुन्हा."

तो आधी गालातल्या गालात हसला, मग मोठ्यानं, मग दोघांनाही आवरेना. हसू ओसरल्यावर त्यानं वळून चर्चच्या दाराकडे पाहिलं.

"मी एकदा आलो होतो इथे," तो म्हणाला. "तू नवानवा यायला लागला होतास तेव्हा. दारातच उभा होतो. आत तू बोलत होतास, मला कोणी नव्हतं. मग मी परत फिरलो. म्हटलं, जिथे मी नाहीच, तिथे बसायचं कुठे?"

म्हणजे लोक रविवारी किल्ल्या हरवत नव्हते. दाराला कुलूप मीच घातलं होतं.

"दादा, चुकलो रे मी."

"ते आत सांगून झालंय. तेच तेच सांगू नये, न्यायाधीश चिडतात." त्यानं ती किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, उठला आणि पॅन्ट झटकली. "बरं, पुढची तारीख कधी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. सव्वीस वर्षांचं साठलेलं प्रवचन माझ्या जिभेच्या टोकावर आलं. देव, पाप, क्षमा, तारण, सगळं. दादाचा पुठ्ठा आठवला आणि मी ते गिळलं.

"पुढचा रविवार," मी म्हटलं. "दहा वाजता."

दादानं खिशातली छोटी वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि तारीख लिहून घेतली.